पारोसच्या खाणीत एक दिवस

श्रोतेहो, ग्रीस देशात मराठी नावाचे एक खेडे आहे. थट्टा करीत नाही. एजियन समुद्रात सिक्लॅडीझ नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. त्यातल्या पारोस बेटावर, पारिकिया या मुख्य बंदरापासून पाचएक किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत हे खेडे वसले आहे. नकाशावर नाव ग्रीक अक्षरांत असते. वाचून पाहावे तर आपल्या भाषेचेच नाव! मात्र उच्चार करताना जोर 'रा'वर द्यायचा, आणि 'ठ' म्हणायचा तो जिभेचे टोक दातांत धरून, फुंकर घातल्यासारखा.

आता एखादे उत्साही गृहस्थ लगेच म्हणतील, की पाहा, आपले पूर्वज तिथवर पोचले होते! तसे काही नाही बरं का. ग्रीक भाषेत बडीशेपेच्या झाडाला 'मारथॉन' म्हणतात. ज्या मैदानावर ख्रिस्तपूर्व ४९० साली अथेन्सच्या लोकांनी इराणी फौज परतवली, आणि ज्याच्यावरून आजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला मॅरेथॉन हे नाव मिळाले, ते मैदान या बडीशेपेवरूनच ओळखले जाते. आपल्या या खेड्याचे नावही त्याच कुळातले मानतात. आपली मराठी आली महाराष्ट्रीवरून. तेव्हा नावात साम्य आहे, नाते नाही.

नाते आहे ते दुसऱ्याच एका शब्दात. आपण ज्याला संगमरवर म्हणतो, त्यातला 'संग' हा फारसी. त्याचा अर्थ दगड. आणि 'मरवर' म्हणजे फारसीतला 'मर्मर'. हा मर्मर फारसीत आला तो ग्रीकांच्या 'मार्मारोस' या शब्दावरून. मार्मारोस म्हणजे चमकणारा दगड. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावी फरशीवाल्याच्या दुकानात जाऊन आपण संगमरवर मागतो, तेव्हा अर्धा शब्द आपण ग्रीक बोलत असतो. आणि त्या मार्मारोसातला सगळ्यांत नामांकित दगड ज्या खाणींतून निघाला, त्या खाणी या मराठी खेड्याला लागून आहेत. आज तुम्हाला तिथेच न्यायचे आहे.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साधी बोट धरली, तर पारोसला पोचायला चार-पाच तास लागतात; म्हणून एका दिवसात जाऊन यायचे तर आदल्या रात्री पारिकियाला मुक्काम करावा हे बरे. शेजारच्या नाक्सोस बेटावर उतरलेले लोक मात्र सकाळच्या बोटीने तासाभरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. बंदरावरून लेफ्केस गावाकडे जाणारी मोटार डोंगर चढू लागते आणि थोड्याच वेळात मराठीला सोडते. पायांत चांगले पकड असलेले बूट हवेत, हातात विजेरी हवी, आणि सोबत वाटाड्या हवा. वाटाड्याचे मी उगाच सांगत नाही. आत गेल्यावर कोणती वाट कुठे उतरते हे बाहेरून कळत नाही, आणि पायाखाली अडीच हजार वर्षांच्या ढलप्या पसरलेल्या आहेत, त्या घसरतात.

रस्त्यावरून खाणीकडे जाणारी पाऊलवाटदेखील संगमरवराचीच फरसबंद आहे. वाटेत काही पडकी दगडी घरे लागतात. नवा माणूस त्यांनाच प्राचीन अवशेष समजून फोटो काढू लागतो. पण ती घरे एकोणिसाव्या शतकातली. तेव्हा एका कंपनीने या खाणी पुन्हा चालू करण्याचा घाट घातला होता. तिचा तो कारखाना. धंदा काही फार दिवस चालला नाही. मूळ खाणकरी जे मागे ठेवून गेले ते पुढे आहे, डोंगराच्या पोटात.

इथे जरा थांबून दगडाची जात समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. आपला महाराष्ट्राचा काळा कातळ हा ज्वालामुखीच्या तप्त रसातून थिजलेला. संगमरवराची गोष्ट अगदी वेगळी. तो मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. पुढे जमिनीच्या उलथापालथीत तो खोल गाडला गेला, वरून दाब आणि खालून उष्णता बसली, आणि वितळल्याशिवाय त्याचे कण नव्याने जुळून आले. साखरेचा पाक आटून खडीसाखर व्हावी तसे काहीसे समजा. उपमा पुरती बसत नाही, पण तुटलेल्या संगमरवराच्या कडेवर साखरेसारखे चमचमते दाणे दिसतात, ते यामुळे. मूळ चुनखडकात माती असेल, लोह असेल, कोळशाचा अंश असेल, तर संगमरवरात करड्या, पिवळ्या, हिरवट रेषा उमटतात. काहीच नसेल तर तो पांढरा शुभ्र राहतो.

पारोसच्या या डोंगरात संगमरवर पुष्कळ आहे. आजूबाजूच्या दऱ्यांत उघड्यावरच्या खाणी आहेत आणि त्यांतूनही प्राचीन काळी भरपूर दगड काढला गेला. देवळांच्या भिंतींना, खांबांना तो चालतो. पण मूर्तिकारांना हवा होता तो सर्वांत शुद्ध, बारीक दाण्याचा थर. आणि निसर्गाची खोड अशी, की तो थर जेमतेम दोन-चार मीटर जाडीचा, आणि तोही तिरपा होऊन डोंगराच्या आत उतरत गेलेला. वरचा सगळा डोंगर उपसून काढणे शक्य नव्हते. मग माणसांनी काय केले? थराचा माग काढत ती आत शिरली. ग्रीकांच्या बहुतेक दगडखाणी उघड्यावरच्या, आकाशाखालच्या. इथे मात्र कोळशाच्या खाणीसारखी भुयारे पाडावी लागली, ती एका पांढऱ्या दगडासाठी.

आत अंधार. म्हणून मातीचे दिवे, ऑलिव्हच्या तेलाचे. असे दिवे या खाणींत सापडलेले आहेत. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की पारोसच्या या दगडाला 'लिख्नितेस' म्हणत, आणि त्याचे कारण म्हणजे तो दिव्यांच्या उजेडात काढीत. 'लिख्नोस' म्हणजे ग्रीकमध्ये दिवा. हे कारण प्लिनीने त्याच्याही आधीच्या वारो नावाच्या पंडिताच्या हवाल्याने दिले आहे. काही विद्वान म्हणतात, तसे नव्हे. हा दगडच दिव्यासारखा आतून उजळतो म्हणून हे नाव. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे भांडणात पडण्याचे आपल्याला कारण नाही.

आतून उजळतो म्हणजे काय? पणतीच्या ज्योतीसमोर आपला तळहात धरून पाहा. बोटांच्या कडा लालसर दिसतात. उजेड कातडीवर आपटून परत येत नाही. थोडा आत शिरतो, आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर जो तजेला दिसतो त्यात याचा वाटा मोठा आहे. पारोसच्या दगडाचे तसेच. त्याचे दाणे इतके स्वच्छ, की उजेड आत सुमारे साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जातो असे सांगतात; इतर नामांकित संगमरवरांत तो एवढा खोल जात नाही. म्हणून या दगडातली मूर्ती पांढरी असूनही चुन्याने रंगवल्यासारखी मढी दिसत नाही. गालाची, खांद्याची गोलाई मऊ वाटते. आपल्या काळ्या पाषाणात हे होणार नाही. तिथे उजेड आत जातच नाही, म्हणून आपले मूर्तिकार खोल कोरून सावलीवर काम काढतात. एक बरा आणि दुसरा वाईट असे यात नाही. दगड जे देऊ शकतो तेच कारागीर त्याच्याकडून मागतो.

चला, आता आत जाऊ. मराठीच्या दोन मोठ्या खाणींना आज 'अप्सरांची खाण' आणि 'पान देवाची खाण' अशी नावे आहेत. अप्सरा हा शब्द मी सोयीसाठी वापरला. ग्रीकांच्या 'निम्फ' म्हणजे झऱ्यांच्या, गुहांच्या, झाडांच्या रक्षक देवता. आपल्या आसरा म्हणा ना, सात आसरा, पाण्याच्या काठच्या. तोंडाशी उजेड असतो. दहावीस पावले गेल्यावर तो मागे राहतो आणि जमीन खाली उतरू लागते. छप्पर कुठे डोक्याला लागेल इतके खाली, कुठे उंच. बाहेर उन्हाळ्याचा कडक दिवस असला तरी आत गारवा. विजेरी भिंतीवर टाकली की पहिल्यांदा दिसतात त्या रेघा. तिरप्या, एकमेकींना समांतर, हातभर लांबीच्या, ओळींवर ओळी. शेतात नुकताच नांगर फिरावा तशी भिंत दिसते. प्रत्येक रेघ म्हणजे टोकदार हत्याराच्या घावांची एक ओळ.

या रेघांवरून काम कसे चाले ते वाचता येते. आपल्याकडच्या वडार आणि पाथरवट मंडळींना ते नवीन वाटणार नाही. आधी थरातला निर्दोष, चिरा न गेलेला भाग हेरायचा. मग हव्या त्या शिळेच्या बाजूंनी टोकदार हत्याराने अरुंद चर खोदायचा. शिळा तीन-चार बाजूंनी सुटी झाली, की तिच्या तळाशी ओळीने खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी बसवायच्या, आणि एकेकीवर आळीपाळीने घण घालत जायचे. सगळ्या पाचरींचा ताण एकवटला की दगड त्या रेषेत तडकतो. सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतीत आणि लाकूड फुगून दगड फुटे, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले सापडते. शिक्षकही वर्गात तसे सांगतात. ऐकायला ते छान वाटते. पण संगमरवराच्या खाणींत जे पुरावे दिसतात ते मुख्यतः लोखंडी पाचरींचे आहेत, आणि अभ्यासक त्यांच्यावरच भर देतात. सुरुंगाची दारू अर्थातच नव्हती, आणि असती तरी उपयोगाची नव्हती. स्फोटाने इमारतीचा दगड फुटतो, पण मूर्तीच्या दगडात केसासारख्या चिरा जातात.

एक शिळा सुटली म्हणजे काम झाले असे नाही. ती चढावरून बाहेर न्यायची. इथे शाळेतल्या मुलांनी करावा असा एक हिशेब सांगतो. संगमरवराचा एक घनमीटर सुमारे २.७ टन भरतो. माणसाएवढ्या उभ्या मूर्तीसाठी, समजा, २ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड अशी शिळा घेतली. तिचे घनफळ १.१२ घनमीटर, वजन ३ टनांहून किंचित अधिक. म्हणजे ज्वारीची शंभर किलोची तीस पोती, एकत्र बांधलेली, सुटी न करता येणारी. ती अंधारात, ढलप्यांच्या घसरड्या चढावरून, दोर आणि लाकडी तरफांच्या साहाय्याने वर ओढायची. दोर तुटला तर खाली कोण उभे आहे याचा विचारच करवत नाही. चर खोदताना जो चुरा पडे तो बाहेर नेण्याचा खर्च कोणी करीत नसे. काढून झालेल्या भुयारांत तोच रचून ठेवीत. म्हणून आज आपण ज्या जमिनीवरून चालतो ती बरीचशी जमीन नव्हेच, ती त्यांच्या कामाचा चुरा आहे.

थर पातळ आणि त्यात ठिकठिकाणी चिरा, म्हणून मोठ्या शिळा दुर्मिळ. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मिलोसची जी प्रसिद्ध व्हीनस आहे, १८२० साली मिलोस बेटावर सापडलेली, ती पारोसच्या दगडाची. आणि ती एका अखंड दगडाची नाही. दोन मुख्य शिळा कमरेखाली जोडलेल्या आहेत, आणि सांधा वस्त्राच्या घडीत लपवला आहे. त्याच संग्रहालयात जिन्याच्या माथ्यावर उभी असलेली सामोथ्रेसची पंख पसरलेली विजयदेवता १८६३ साली सापडली. तिचीही मूर्ती पारोसच्या दगडाची, आणि तीही तुकडे जोडून केलेली. ऑलिंपियाला १८७७ साली जमिनीतून निघालेला हर्मीस, तिथल्याच झ्यूसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणांतल्या मूर्ती, रोमजवळ मिळालेला सम्राट ऑगस्टसचा चिलखत घातलेला पुतळा, सगळा पारोसचा माल. आता हे कशावरून म्हणायचे? पूर्वी जाणकार नुसत्या नजरेने सांगत, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नसे. आजकाल मूर्तीच्या न दिसणाऱ्या भागातून चिमूटभर भुकटी घेतात आणि तिच्यातल्या कार्बन व ऑक्सिजन यांच्या हलक्या-जड अणूंचे प्रमाण मोजतात. प्रत्येक खाणीचे प्रमाण थोडेफार वेगळे असते. त्यात दाण्याच्या आकाराची तपासणी जोडली, की दगडाचे गाव बहुधा सांगता येते.

या दगडाची त्या काळी काय किंमत होती हे हेरोडोटसच्या एका हकिकतीवरून कळते. डेल्फीचे अपोलोचे देऊळ ख्रिस्तपूर्व ५४८ साली जळाले. ते पुन्हा बांधण्याचा ठेका अथेन्समधून हद्दपार झालेल्या एका श्रीमंत घराण्याने घेतला. अल्कमेओनिद हे त्या घराण्याचे नाव. करारात साधा दगड लिहिलेला होता. पण या मंडळींनी देवळाची दर्शनी बाजू पारोसच्या संगमरवराची करून दिली! ठेकेदाराने कराराहून चांगला माल घातला, ही गोष्ट तुम्हा-आम्हाला परीकथा वाटेल. पण हेरोडोटस काही भोळा नव्हता. याच लोकांनी डेल्फीच्या कौल देणाऱ्या पुजारणीला पैसे चारले, आणि स्पार्टाचे लोक कौल मागायला आले की तिने दर वेळी 'अथेन्स मुक्त करा' असेच सांगावे, अशी तजवीज केली, हेही तो लिहितो. स्पार्टाच्या सैन्याने अखेर अथेन्सचा हुकूमशहा हाकलला आणि हे घराणे घरी परतले. राजकारणात देवळाची दर्शनी बाजू कामी येते, हे जुनेच आहे म्हणायचे.

पारोसवर पैसा होता तशी संकटेही आली. मॅरेथॉनच्या लढाईत जिंकलेला सेनापती मिल्टायडीस दुसऱ्याच वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ४८९ मध्ये, ७० जहाजे घेऊन पारोसवर चालून आला आणि १०० टॅलंट खंडणी मागू लागला. पारोसच्या लोकांनी दिली नाही. रात्रीतून तटाची उंची वाढवली. सव्वीस दिवसांनी तो जखमी होऊन रिकाम्या हाताने परतला.

पुन्हा खाणीत येऊ. अप्सरांच्या खाणीच्या तोंडाशी खडकातच कोरलेला एक शिल्पपट आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी त्याची वर्णने आणि रेखाटने केली, त्यांवरून त्यात देवदेवतांची आणि माणसांची बरीच दाटी होती असे दिसते. आज तो इतका झिजला आणि फुटला आहे, की वाटाड्याने बोट दाखवल्याशिवाय आकृती कळत नाहीत. त्याच्याखाली तीन शब्दांचा लेख होता. 'अदामास ओद्रिसेस निम्फाइस'. म्हणजे, ओद्रिसी अदामासने हा अप्सरांना अर्पण केला.

हा अदामास कोण? ओद्रिसी हे थ्रेसमधले लोक, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या बाजूचे. पारोसच्या लोकांनी पूर्वीच थ्रेसच्या किनाऱ्याजवळ, थासोस बेटावर वसाहत केली होती. तिकडून माल येई तशी माणसेही येत, आणि थ्रेसची माणसे ग्रीकांच्या गुलामांच्या बाजारात नेहमीच असत. 'अदामास' या ग्रीक शब्दाचा अर्थ, जो वाकत नाही, मोडत नाही तो. पुढे अतिकठीण पदार्थाला आणि हिऱ्याला हाच शब्द लावू लागले. हे त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव असेल असे मला वाटत नाही. खाणीतला धडधाकट, कामाला न दमणारा परका माणूस. त्याला मालकाने किंवा सोबत्यांनी हे नाव दिले असावे, असे मी समजतो. शिल्पपट कोरवून घेण्याइतकी त्याची ऐपत होती, त्या अर्थी तो मुकादम असेल, किंवा मोकळा झालेला गुलाम असेल. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून मगच कामाला हात लावतात, त्या भावनेशी हे जुळते. आत जाताना आणि सुखरूप बाहेर येताना ज्यांना हात जोडायचे, त्यांच्यासाठी त्याने दारातच ही जागा केली.

आमच्या कॉलेजात मी विद्यार्थ्यांना ग्रीक शिल्पाविषयी सांगतो तेव्हा नावांची तोटा नसते. स्कोपास हा पारोसचाच, चौथ्या शतकातला थोर मूर्तिकार. फिडियासचा शिष्य अगोराक्रिटोस, तोही पारोसचा. कोणाच्या पैशाने देऊळ बांधले, कोणत्या राजाने पुतळा उचलून नेला, हे सगळे पुस्तकांत आहे. पण शेकडो वर्षे या भुयारांत घण घालणाऱ्यांपैकी खाणीच्या दारावर नाव राहिले ते एवढ्या एका अदामासचे, आणि आता त्याच्या खालची अक्षरेही जात चालली आहेत. पुढे रोमन सम्राटांनी या खाणी आपल्या खाजगी मालमत्तेत घेतल्या. रोमन कायद्यात 'खाणीत पाठवणे' ही मृत्युदंडाच्या खालोखालची शिक्षा होती, हे सांगितले म्हणजे खाणीतल्या आयुष्याची कल्पना यावी. शिल्पपटाच्या अगदी जवळ टेकून बसू नका, त्यावर हात फिरवू नका, असे वाटाड्या सांगतो, ते ऐकावे. नाव पुसायला हत्यार लागत नाही. रोजचे शंभर हात पुरतात.

प्लिनीनेच सांगितलेली एक मजेची गोष्ट आहे. पारोसच्या खाणीत एकदा पाचरींनी शिळा फोडली, तर आत सिलेनसची, म्हणजे त्या दारुड्या, टकल्या, पोट सुटलेल्या वनदेवाची, मूर्ती तयारच निघाली! दगडातल्या रेषांचा काहीतरी आकार दिसला असेल. पण दिवसभर दिव्याच्या हलत्या उजेडात दगडाकडे पाहणाऱ्यांना तिथे कोणी तरी हसताना दिसले, यात मला नवल वाटत नाही.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांना सहन होत नाही. दुपारी पारिकियाला परतावे. जेवण झाल्यावर तिथले छोटे संग्रहालय पाहावे. त्यात पंख असलेली विजयदेवता आहे, आणि धावत्या पवित्र्यातली गॉर्गन, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी, आहे. शिक्षकांना आवडेल अशी वस्तू आणखी एक: 'पारोसची बखर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखाचा तुकडा. ख्रिस्तपूर्व २६४ च्या सुमारास कोणीतरी सगळ्या ग्रीक इतिहासाचा सनावळीवार आढावा संगमरवरावर कोरून ठेवला. त्याचा मोठा भाग सतराव्या शतकात इंग्लंडला गेला, आणि उरलेला तुकडा १८९७ साली बेटावरच सापडला, तो इथे आहे.

तिथून गावातल्या जुन्या किल्ल्याकडे चालत जावे. तेराव्या शतकात व्हेनिसच्या सरदारांचे इथे राज्य होते. त्यांना किल्ला घाईने बांधायचा होता आणि दगड जवळच तयार होता. त्यांनी ग्रीकांची जुनी देवळे उतरवली. आज त्या बुरुजाच्या भिंतीत खांबांचे गोल तुकडे आडवे घातलेले दिसतात, जात्याच्या तळ्या एकावर एक रचून ठेवाव्यात तसे. मध्येच चौकटीचा नक्षीदार तुकडा, मध्येच पायरी. खाली गल्लीत लोकांची रोजची घरे आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात. मावळतीचे ऊन त्या गोल तुकड्यांवर येते तेव्हा वाटाड्या तुम्हाला थांबवतो आणि एखाद्या फुटक्या कडेकडे पाहायला सांगतो. कडेचा पातळ भाग आतून पिवळसर उजळलेला असतो.

हे पाहायला पारोसलाच जायला हवे असे नाही, म्हणून शाळेच्या गुरुजींसाठी एवढे सांगून मी थांबतो. फरशीवाल्याकडे संगमरवराचे तुटके तुकडे फुकट मिळतात. राजस्थानातल्या मकराण्याचा पांढरा तुकडा मिळाला तर उत्तम. ताजमहालाचा संगमरवर तिथलाच. एक तुकडा तो घ्या आणि तेवढ्याच जाडीचा एक आपल्या काळ्या दगडाचा. दोन्हींवर लिंबाचा रस टाका. संगमरवरावर बारीक बुडबुडे येतील, काळ्यावर येणार नाहीत. मग वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्या, विजेरी दोन्ही तुकड्यांच्या मागे एकामागून एक टेकवून धरा, आणि मुलांना कडेकडे पाहू द्या. पातळ तुकडा आधी दाखवा, मग जाड. उजेड कुठे थांबतो तिथे पेन्सिलीने खूण करून पट्टीने मोजायला लावा.